सोडलेल्यांचा रकाना

संस्थेचं रजिस्टर मी लिहिते.
हिरवा पुठ्ठा, ओल लागून फुगलेले कोपरे,
पान उलटलं की बोटांना गाळाचा वास.
तारीख. डोंग्याचा नंबर. रोहू, कतला, मिरगल, इतर.
वजन. सही, नाहीतर अंगठा.

'इतर'मध्ये आमचा सगळा तलाव होता:
मरळ, वाम, शिंगूर, मूठभर झिंगे,
ज्यांचं बीज कोणी पिशवीत हवा भरून आणलं नव्हतं,
जे आपले होतेच.
तीन महिन्यांपासून त्या घरात मी
आडवी रेघ ओढते आहे.

उमरेड रोडवरून जाताना दिसतो तो तलाव आमचा.
म्हणजे ठेका आमचा. पाणी सिंचनवाल्यांचं,
काठ महसूलचा,
आणि डोंगे बेचाळीस.
ज्या वर्षी मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आली
त्या वर्षी काटा खालीच टेकलेला असायचा.
पोट्ट्यांनी मोटारसायकली घेतल्या.
दुसऱ्या वर्षी मोटारसायकली होत्या.

मग शाळेच्या ओट्यावर सभा झाली.
माझा बाप, डोमाजी नान्हे, कधी न बोलणारा,
उठला आणि जाळ्याच्या डोळ्यात पंजा घातला:
चार बोटं आरपार गेली पाहिजेत.
डोंग्यामागं दिवसाला आठ किलो.
अंड्याच्या दिवसांत पाणी बंद.
"आठात का होते गा?" फागोकाकानं विचारलं.
"आठात आठ होते," बाप म्हणाला.
लोक हसले. अंगठे उमटले.
पंधरा डोंग्यांनी नियम पाळला,
बाकीच्यांनी दिवसा पाळला.

यंदा मदत जाहीर झाली.
आम्ही पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेलो,
मांडीवर रजिस्टर, धोतराच्या फडक्यात बांधलेलं.
साहेब वाईट नव्हते. पाणी दिलं, पंखा आमच्याकडे वळवला.
मग कॅल्क्युलेटरवर बोट ठेवून म्हणाले,
मागच्या तीन वर्षांची सरासरी पकड,
तिच्यावर रक्कम.

आठ किलोवाल्याला चार हजार दोनशे.
रूपचंद बावणेला, ज्यानं भोईपुऱ्यातल्या व्यापाऱ्याच्या
सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या,
सोळा हजारांच्या वर.

मी विचारलं, साहेब, जे पकडलं नाही ते कुठं लिहायचं?
त्यांनी अर्ज उलटून पाहिला,
खरंच पाहिला, मागची बाजूसुद्धा.
"तसा रकाना नाही, बाई."

परतताना भोईपुऱ्यात थांबलो.
आंध्रातून आलेल्या ट्रकमधून थर्माकोलचे डबे उतरत होते,
बर्फात पंगस, सगळे एका मापाचे,
जसे एकाच साच्यातून काढलेले.
बापानं एकाचा कल्ला उचलून पाहिला
आणि हात शर्टाला पुसला.
काही बोलला नाही. विकणारी आमच्याच नात्यातली होती.

गणेशपेठच्या स्टँडवर बस लागायला तास होता.
मागच्या पानांत जागा होती.
आठाच्या मागं एक टिकली दिली तर ऐंशी,
पेन माझ्याच हातात.
बापानं ते पाहिलं असावं.
"पट्टी हाय का तुयापाशी?" त्यानं विचारलं.
तिकिटाची कड धरून मी एक उभी रेघ मारली.
वर लिहिलं: सोडलेल्या.

तो सांगत गेला, डोळे फलाटावर.
पोळ्याच्या आदल्या दिवशी एक रोहू, पोट टम्म.
पुलाखाली दोन मरळ, पिल्लं संगं होती.
कतला, लायनी, वीतभर बी नव्हती.
मंग एक मिरगल, तिचा एक डोळा पांढरा.
मी वजन विचारलं तर म्हणाला,
सोडलेल्याचं वजन कोन करते?

उमरेडची गाडी लागली.
लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते.
तो उठला, फडकं झटकलं,
आणि दोन पावलं जाऊन मागं वळला:

"पांढऱ्या डोळ्यावाली खोड.
ते मंग रूपचंदच्या जाळ्यात गावली होती."